तोंडातली चूळ

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, दागिने नाहीत. पाणवठ्यावरून आणलेले सात खडे, बस. ग्वाल्हेरातली बाकीची मराठी घरं उभ्या गौरी नटवून खोलीभर मिरवतात आणि आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या की बायका ताम्हनात वाकून विचारतात, "हे एवढंच?" मला लहानपणापासून या प्रश्नाची चीड. एवढंच म्हणजे काय? एवढ्यासाठी आमच्या घरात एक पोरगी मरायला निघाली होती.

खडे आणायचे कुमारिकेने, तोंडात पाण्याची चूळ धरून. चूळ भरली की ती देवापुढे खडे ठेवेपर्यंत गिळायची नाही, थुंकायची नाही. बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. सोबत दुसरी मुलगी असते, तिच्या हातात तांब्या आणि हळदकुंकू. रस्त्यात कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं काम तिचं. आमच्यात चूळ धरायची माझी चुलत बहीण आणि बोलायचे मी. ही वाटणी कशी झाली ते सांगायला नको, माझं तोंड बंद राहत नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला, दाना ओलीला, पाठ होतं.

आणि पाणवठा तरी कसला? दौलतगंजाच्या तोंडाशी एक नळ, त्याला लागून कुणाच्या तरी न संपणाऱ्या बांधकामाची गिट्टी. नळाखाली गिट्टी धुवायची, झाल्या गौरी. नदी लांब, विहिरी बुजलेल्या, कोण जातंय. बरीच वर्षं आमच्या घरात अशाच गौरी आल्या, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग ते हसण्याचं वर्ष आलं. आम्ही दोघी चौदाच्या. नळावरून परत येताना एका माकडाने हलवायाच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घालून पत्र्यावर बसलं. हलवाई खालून हात जोडतोय, माकड वरून बघतंय. बहिणीला हसू आवरलं नाही. चूळ फर्रकन माझ्या अंगावर उडाली. आम्ही नळावर परत जाऊन दुसरी चूळ भरली आणि घरी आलो. पण ओलीत गोष्ट लपते थोडीच, संध्याकाळपर्यंत आत्याच्या कानावर गेली.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. इंदूरला दिलेली. दर गौरींना माहेरपणाला यायची आणि चार दिवस घर डोक्यावर घ्यायची. माहेरवाशीण गौरींच्या दिवसांत साक्षात गौर, तिला कोण बोलणार? त्या वेळी ती नुसती "हं" म्हणाली. दिवाळीच्या आधी काका, म्हणजे बहिणीचे बाबा, गेले. दाल बाजारातल्या ज्या दुकानात नोकरीला होते तिथेच, पोत्यावर बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले हार्ट. आत्या तेराव्याला सगळ्यांच्या पानांवर वाढणं चाललेलं असताना म्हणाली, "गौरीच्या वाटेवर खिदळली होती ना, भोगा आता."

बाबा पानात बघत राहिले. आई वाढत राहिली. काकू भिंतीला टेकून बसली होती, तिने ऐकलं की नाही तेही कळलं नाही. बहीण माझ्या शेजारी बसली होती. तिने हातातला घास पानात परत ठेवला. मला तेव्हा आत्याच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या, आजही वाटतात, ती आता थकली आहे तरी.

त्यानंतर बहीण हसायचीच बंद झाली. शाळेत सगळ्या पोरी फिदीफिदी करत असल्या की ही ओठ आत ओढून बसायची. काकूला नुसता खोकला झाला तरी रात्रभर जागी. पुढच्या गौरी जवळ आल्या तेव्हा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "आता मला एक आईच राहिली आहे. या वर्षी मी तोंड उघडणार नाही. काही झालं तरी."

मी म्हटलं, वेडी आहेस का, काकांचं हार्ट खराब होतं, त्याचा नि माकडाचा काय संबंध. तिने मान हलवली. म्हणजे ऐकलं, पण घेतलं नाही.

आत्या आली. येताच तिने काकूला मागच्या चुलीपाशी बसवलं. घावन-घाटलं काकूनेच करायचं, हाताला चव तिच्याच, पण गौरी येताना पुढे यायचं नाही. काकूने "बरं वन्सं" म्हटलं आणि पीठ भिजवायला घेतलं. मग आत्याने गिट्टीचा विषय काढला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की हे लोक रस्त्यावरचे दगड पुजतात. "पाण्यात निजलेले खडे हवेत. ट्रकमधून आलेल्या दगडांनी घराचं काय भलं होणार?" बहीण तिथेच पाट पुसत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

दुपारी आम्ही गच्चीवर. माझा दादा सतरा वर्षांचा, आणि त्याचा एक दोस्त, आमच्याच ओलीतला, घरी हिंदी बोलणारा. या दोघांचं एक जुनं वेड होतं. शहर संपलं की खदानींच्या बाजूला एक जुना तलाव लागतो, त्याचा पलीकडचा काठ बदनाम. तिथे ओल्या घागऱ्यातली एक बाई पाण्यातून येते आणि घोट्याला धरून आत ओढते, असं सगळे म्हणत. दर पावसाळ्यात तिथे कुणीतरी बुडायचंच, हे मात्र खरं होतं. दोन उन्हाळे हे दोघे एकमेकांना "हिंमत है तो जा" म्हणत होते, तलावाआधीच्या बाभळीपर्यंत जायचे आणि शेपूट घालून परत यायचे. त्यावर एकमेकांचे व्हिडिओही काढून ठेवले होते, कोण आधी पळाला ते दाखवायला.

आत्याचं बोलणं दोस्ताने जिन्यातून ऐकलं होतं. तो म्हणाला, खडे पाहिजेत ना, चुडैलच्या किनाऱ्यावर ढीग पडलाय, एकदम गोल गोल, पाण्यातले. दादा म्हणाला, चल, या वर्षी तिथूनच आणू. दोस्त म्हणाला, तू आणणार? बाभळीवाला? दादा चिडला आणि आमच्याकडे वळला. लाओ तुम लोग, म्हणाला, गौरी तर मुलींनीच आणायच्या असतात, मी व्हिडिओ काढतो. हे आमचे शूर बंधू.

मी म्हणणार होते की आधी तू त्या बाईला घोटा देऊन दाखव. तेवढ्यात बहीण उठली आणि म्हणाली, "मी आणते." आवाजात काही नव्हतं, ना भीती ना फुशारकी. दोस्ताचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं आम्ही दोघी किंचाळून खाली पळू.

घरी सांगितलं, नळावर चाललो. दोन स्कूटींवर चौघे. भाद्रपदातलं ऊन, अंगावर चिकटणारं. खदानींच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायचे, मुरूम भरलेले, ताडपत्री घातलेले, आणि ड्रायव्हर आमच्याकडे रोखून बघायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. काठच्या काठ खणून मुरूम चोरून नेतात आणि पावसात ते खड्डे पाण्याखाली झाकले जातात, हे मला नंतर कळलं. त्या घागऱ्यातल्या बाईचा पत्ता हाच. कुणी येऊ नये म्हणून तिची गोष्ट चघळत ठेवणं त्या लोकांना चांगलंच परवडत असणार.

बाभळीपाशी स्कूटी लावल्या. तलाव भरलेला, पाणी चहाच्या रंगाचं, वारा नाही. काठावर एक तुटकी चप्पल आणि खूप सारे टायरचे वळ. बहिणीने तांब्यातून चूळ भरली, पदरासारखी ओढणी कमरेला खोचली आणि चालायला लागली. मी मागे तांब्या घेऊन. दोस्त बाभळीला चिकटला. दादा मोबाईल वर धरून कॉमेंट्री करत होता, "देखिए, हमारी बहादुर बहन..."

अलीकडे सगळा चिखल होता. खडे पुढे, पाण्यात घुसलेल्या एका चिंचोळ्या पट्टीवर. बहीण तिकडे वळली, मी दहा-पंधरा पावलं मागे राहिले, चप्पल चिखलात रुतली होती ती काढत. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए मोड़ी! उधर मत जा, गड्ढा है!"

एक माणूस खदानीकडून धावत येत होता, लुंगी, बनियन, हातात लाठी. मुरूमवाल्यांचा राखणदार. मी थांबले, दादा थांबला. बहीण थांबली नाही. तिने ऐकलं होतं, तिचे खांदे आखडलेले मला दिसले. पण चूळ तोंडात असताना मागे वळून बघायचं नसतं. ती सरळ चालत राहिली. मी ओरडले, परत ये. तरी नाही.

राखणदार तिच्याकडे जातच होता, आणि त्याची नजर दादाच्या मोबाईलवर पडली. मोबाईल तेव्हा नेमका त्याच्याकडे आणि त्याच्या मागच्या ट्रॅक्टरकडे वळलेला. त्याला वाटलं, पोरं चोरीचा व्हिडिओ काढताहेत. तो जागच्या जागी वळला. "किसने भेजा?" म्हणत त्याने पहिली लाठी दादाच्या हातावर घातली. मोबाईल उडाला. दादा म्हणाला अंकल सुनो तो सही, आणि दुसरी लाठी त्याच्या कोपराखाली बसली. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा, अगदी बारीक आवाज. दादा खाली बसला. तो त्याला लाथा घालत होता, पाठीत, कुशीत, आणि प्रत्येक लाथेला तेच विचारत होता, किसने भेजा, किसने भेजा.

मी तांब्या त्याच्या डोक्यात मारला. पितळेचा, जड. त्याच्या कानामागून रक्त आलं. तो वळला, माझी मान धरली, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले. गंमत नाही करत, दात हाडापर्यंत गेले. तोंडात त्याचं रक्त आणि विडीचा वास. त्याने मला झटकलं आणि मी चिखलात तोंडावर पडले. दोस्त बाभळीपाशी रडत उभा होता. मग त्याने माझ्या मागे तलावाकडे बघितलं, त्याचे डोळे फिरले, आणि "चुडैल ले गई, चुडैल ले गई" करत तो पळाला. स्कूटी तिथेच टाकून, पायी.

मी वळून बघितलं. पट्टीवर बहीण नव्हती. पट्टीच्या पलीकडे पाण्यात तिचं डोकं होतं.

नुसतं डोकं आणि एक हात. हाताची मूठ वर धरलेली, त्यात खडे. पाणी हनुवटीला लागलेलं. ती बुडत होती, किती वेळ बुडत होती देव जाणे, सगळी मारामारी होईपर्यंत ती तिथे खाली खाली जात होती, आणि तिने आवाज काढला नव्हता. गाल फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले. तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते की मला ते आजही झोपेत दिसतात. तोंड उघडून एक हाक मारली असती तर आम्ही कधीच धावलो असतो. पाणी ओठांवर आलं, मग नाकावर. मूठ तेवढी वर राहिली.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. राखणदाराने दादाला सोडलं, एक घाणेरडी शिवी घातली आणि पट्टीवरून धावत सुटला. कमरेपर्यंत पाण्यात उतरून त्याने लाठी पुढे केली. तिचा दुसरा हात लाठीला लागला, पण एका हाताने तिला धरवेना, आणि मूठ ती सोडेना. तो ओरडत होता, दोनों हाथ से पकड़, हरामी, दोनों हाथ से. मग तो आणखी आत घुसला, तिची वेणी त्याच्या हाती लागली आणि त्याने वेणीला धरून तिला ओढलं. चिखलातून, दगडांवरून, तसंच फरफटत. तिचे गुडघे सोलून निघाले.

काठावर त्याने तिला पालथं पाडलं आणि पाठीत बुक्के घातले. तिसऱ्या की चौथ्या बुक्क्याला तिचं तोंड उघडलं. चिखल, पाणी, जेवलेलं सगळं बाहेर आलं. ती खोकली, श्वास आत गेला, आणि शुद्धीवर आल्याबरोबर तिने काय केलं असेल? त्या माणसाच्या अंगावर गेली. दोन्ही हातांनी, खड्यांची मूठ तशीच आवळलेली, त्याच्या तोंडावर, छातीवर मारत सुटली. ज्याने वाचवलं त्यालाच. त्याने तिचं तोंड उघडलं होतं ना.

तो हबकला. त्याने तिला एक थोबाडीत दिली आणि विचारलं, "मुँह में ज़बान नहीं है क्या? चिल्लाई क्यों नहीं?"

ती काठाशी रांगत गेली, मोकळ्या हाताने तलावाचं तेच गढूळ पाणी तोंडात घेतलं आणि ओठ मिटले. राखणदार तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, खरंच हिला काहीतरी लागलंय. त्याने दादाचा मोबाईल उचलून तलावात भिरकावला, आणि परत इकडे येऊन बुडलात तर बाहेर काढणार नाही, म्हणून सांगून निघून गेला. त्याचे आभार कुणी मानले नाहीत. दादाचा हात आजही सरळ होत नाही, तेव्हा मानणारही नाही.

एका स्कूटीवर तिघं आलो. मी चालवत, मधे दादा कण्हत, मागे ती. मी सगळा रस्ता तिला सांगत होते, थुंक ते, टायफॉईड होईल, कुणाला कळणार आहे, मी नाही सांगत.

दारात आत्या उभी, हातात निरांजनाचं ताट, नथ घालून, नवी पैठणी. शेजारच्या बायका जमलेल्या. दादाचा लोंबणारा हात बघून आईने हंबरडा फोडला आणि बाबा त्याला घेऊन तसेच दवाखान्यात गेले. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, तलाव, लाठी, खड्डा, ती कशी नाकापर्यंत गेली आणि तिने हाक मारली नाही ते. बहीण माझ्या शेजारी उभी होती. गुडघ्यांतून रक्त, केसांत शेवाळ, मूठ पुढे धरलेली. गाल फुगलेले.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. एवढं सगळं. मग तिच्याकडे बघून विचारलं, "मधे तोंड उघडलंस का?"

माझ्या अंगाची आग झाली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बहीण माझ्याआधी मान हलवत होती. हो. तिला खोटं बोलता यायचं नाही, न बोलतासुद्धा. डोळ्यांतून पाणी गालांवर, आणि आत ते दुसरं पाणी.

"झालं मग," आत्या म्हणाली. "आता कुणाचा नंबर, ते तूच ठरव."

मागच्या दारातून काकू आली. हाताला घावनाचं पीठ. वर्षभरात ती त्या खोलीत पाहुण्यांसमोर आलेली मी पाहिली नव्हती. बायका बाजूला झाल्या, कारण विधवेने गौरींच्या वाटेत यायचं नसतं. काकू सरळ आत्यापर्यंत गेली आणि तिने आत्याच्या थोबाडीत मारली. ताट पडलं, निरांजन विझलं, कुंकू सगळ्या फरशीवर झालं. दुसरी मारली. नथ एका बाजूला लोंबायला लागली आणि आत्याच्या नाकातून रक्ताची रेघ आली. माहेरवाशिणीला, गौरींच्या दिवशी, भर दारात. कुणी मधे पडलं नाही. आईसुद्धा नाही.

"वन्सं," काकू म्हणाली, "माझा नंबर लागायचा तेव्हा लागेल. पोरीला सोडा."

मग ती बहिणीकडे वळली आणि म्हणाली, "थुंक."

बहिणीने मान हलवली, जोरजोरात, नाही नाही नाही. काकूने तिचे गाल दाबले. ती मागे सरली, भिंतीला टेकली, ओठ आणखी आवळले. काकूने दोन बोटं तिच्या तोंडात घातली आणि जबडा उघडायला लागली. बहीण चावली. काकूची बोटं दातांत होती, रक्त मनगटापर्यंत ओघळलं, पण तिने बोटं काढली नाहीत. दुसऱ्या हाताने पोरीचं डोकं आपल्या छातीशी धरून ती पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होती की मी आहे, मी कुठे जात नाही, सोड.

किती वेळ दोघी तशा झटत होत्या. मग ते गढूळ पाणी काकूच्या फिक्या साडीवरून खाली आलं. मूठ उघडली आणि खडे फरशीवर घरंगळत गेले, ते कुणी उचलले नाहीत. बहीण काकूच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिला काही होतंय का ते. काकूला काही झालं नाही. तिची बोटं तेवढी वाहत होती.

तेव्हा बहिणीला कंठ फुटला. आवाज बसलेला, चिखलाने खरखरीत झालेला.

"आई," ती म्हणाली, "मी बुडत होते."